सिलिकॉन कुठं वापरायचं, कुठं नाही: सीलंट, कुकरच्या रिंगा, साचे, ग्रीस

चुनाविटा

पावसाळा तोंडावर आला की हार्डवेअरच्या दुकानांतून सिलिकॉनच्या ट्यूबा हातोहात जातात आणि दिवाळीपर्यंत त्यांतल्या बऱ्याच पट्ट्या कडेनं सुटून लोंबायला लागतात. खापर मालावर फुटतं. खरं कारण बहुधा तिहींपैकी एक असतं: प्रकार चुकला, फट ओली किंवा तेलकट होती, नाहीतर पट्टीला ताणायला जागाच ठेवली नव्हती. सुरुवात सीलंटपासून करतो. कुकर, साचे, ग्रीस यांवर जाणकारांनी भर घालावी.

दुकानात नुसतं "सिलिकॉन द्या" म्हटलं तर बहुतेक वेळा ॲसिटिक प्रकार हातात येतो. ट्यूबवर 'जीपी' (जनरल पर्पज, म्हणजे सर्वसाधारण वापराचं) असतं आणि नोझल कापली की व्हिनेगरचा वास येतो. हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानं पक्कं होतं आणि होताना ॲसिटिक आम्ल सोडतं. काच, ग्लेझ्ड टाइल, चिनीमातीचं बेसिन यांना ते घट्ट धरतं, लवकर साय धरतं आणि स्वस्त पडतं. तिथं जास्त पैसे घालवायची गरज नाही.

कडाप्पा, शहाबादी, कोटा, संगमरवर यांवर मात्र ते लावू नका. हे सगळे दगड कॅल्शियम कार्बोनेटचे. आम्ल दगडाचा वरचा थर खातं, पट्टीखाली बारीक पांढरी भुकटी तयार होते आणि पट्टी दगडाऐवजी त्या भुकटीला चिकटून राहते. सिमेंट प्लास्टरचंही तेच. आरशाच्या पाठीवर लावलं तर चांदीचा थर काळा पडतो, आणि ते डाग काही महिन्यांनी समोरून दिसायला लागतात. तांबं, पितळ, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा यांना गंज धरतो. या सगळ्या ठिकाणी ट्यूबवर 'न्यूट्रल' लिहिलेलं हवं.

न्यूट्रलमध्येही दोन घराणी आहेत, ऑक्झाइम आणि अल्कॉक्सी. गच्चीवर किंवा बाल्कनीवर पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रे असतील तर अल्कॉक्सीच घ्या. ऑक्झाइम किंवा ॲसिटिकमुळे ताणाखाली असलेल्या पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जाऊ शकतात, आणि ते नेमके स्क्रूच्या भोकांपाशी सुरू होतात.

आता फटीचा आकार. पट्टी फक्त समोरासमोरच्या दोन बाजूंना चिकटायला हवी, तळाला नाही. तळालाही चिकटली की फट रुंदावताना पट्टीला ताणायला मोकळीक उरत नाही आणि ती कडेनं किंवा मधोमध फाटते. म्हणून आधी फटीत फोमची गोल दोरी दाबून बसवतात, तिला बॅकर रॉड म्हणतात. फटीपेक्षा साधारण चौथा हिस्सा जाड घ्यायची, म्हणजे ८ मिमीच्या फटीला १० मिमीची. फट उथळ असेल आणि दोरी मावत नसेल तर तळाला गुळगुळीत प्लास्टिक टेप चिकटवा, सिलिकॉन तिला धरत नाही. १२ मिमी रुंदीपर्यंत खोली ६ मिमी ठेवावी, त्याहून रुंद फटीत रुंदीच्या निम्मी.

माल किती लागेल तेही आधी काढता येतं. ६ × ६ मिमीच्या चौकोनी फटीला २८० मिलीची ट्यूब सुमारे पावणेआठ मीटर जाते. बेसिन आणि भिंतीच्या कोपऱ्यातली तिकोनी पट्टी, दोन्ही बाजूंना ६ मिमी टेकणारी, त्याच्या दुप्पट म्हणजे साडेपंधरा मीटरच्या आसपास. नोझलच्या बुडाशी आणि हातून वाया जाणारा माल धरून दहा टक्के कमी समजा.

ओटाकट्टा

उत्तम सुरुवात. ओट्यावर ग्रॅनाइट असेल तर? ग्रॅनाइट कार्बोनेट नाही, मग जीपी चालावं. पण पट्टीच्या दोन्ही बाजूंना ओलसर दिसणारी गडद किनार उमटलेली बऱ्याच घरांत दिसते. ती पुसूनही जात नाही.

चुनाविटा

@ओटाकट्टा, ती किनार आम्लाची नाही, तेलाची आहे. स्वस्त सीलंटमध्ये खनिज तेल किंवा मोकळं सिलिकॉन तेल मिसळलेलं असतं. दगडाची सूक्ष्म छिद्रं ते शोषून घेतात आणि दगड कायमचा ओला दिसतो. फिकट ग्रॅनाइटवर जास्त उठून दिसतं. दगडासाठी डाग न पाडणारं म्हणून वेगळं न्यूट्रल सीलंट मिळतं, तेच घ्यायचं. नव्या ओट्याला तरी आधी उरलेल्या तुकड्यावर पट्टी ओढून पंधरा दिवस ठेवून बघावं. एकदा पडलेला डाग काढायला पोटीस बांधून तेल ओढून घ्यावं लागतं आणि तेही पूर्ण निघेलच असं नाही.

रसायनवही

हे सगळं असं का वागतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढच्या बऱ्याच शंका आपोआप सुटतील.

साध्या रबराचा आणि प्लास्टिकचा कणा कार्बनचा. सिलिकॉन रबराचा कणा सिलिकॉन (याच नावाचं मूलद्रव्य) आणि ऑक्सिजन यांच्या आळीपाळीच्या साखळीचा, म्हणजे वाळू आणि काचेत असतो तसला, आणि प्रत्येक सिलिकॉन अणूला दोन बाजूंनी मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) लटकलेले. हा कणा कार्बनच्या कण्यापेक्षा बळकट असल्यामुळे ऊन, ओझोन आणि उष्णता त्याला सहज तोडत नाहीत. शिवाय साखळी सांध्यांत सहज वळते, त्यामुळे चांगलं सिलिकॉन रबर उणे ५० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत मऊच राहतं. बाहेरचे मिथिल गट पाण्याला झटकून टाकतात. १९६९ साली चंद्रावर उमटलेले बुटांचे ठसे सिलिकॉन रबराच्या तळव्यांचेच होते.

ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या संयुगांवर काम केलं. कारखान्यात ती स्वस्तात बनवायची वाट मात्र १९४० साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये युजीन रोशो यांनी काढली: सिलिकॉन मूलद्रव्याच्या भुकटीवर तांब्याच्या उत्प्रेरकाबरोबर सुमारे ३०० अंशांना मिथिल क्लोराइड सोडायचं. आजही पाया तोच आहे.

उणीवाही याच रचनेतून येतात. साखळ्या एकमेकींना फार ओढत नाहीत, म्हणून सिलिकॉन नैसर्गिक रबराच्या मानानं लवकर फाटतं. एकदा काप गेला की तो पळतो. वायू आणि वाफ त्यातून सहज आरपार जातात. ऑक्सिजन भरपूर जातो म्हणून कॉन्टॅक्ट लेन्समध्ये ते कामाला येतं, पण त्याच गुणामुळे हवाबंद डब्याची रिंग मसाल्याचा वास धरून बसते. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांत ते चांगलंच फुगतं. आणि बळकट कण्यालाही तीव्र आम्ल, तीव्र अल्कली आणि दाबाखालची खूप तापलेली वाफ तोडतात.

धाग्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट अशी की सीलंट "सुकत" नाही. पंखा लावून फायदा नाही, त्याला ओलावा हवा. पहिल्या २४ तासांत साधारण २ ते ३ मिमी पक्कं होतं, आणि वरचा थर जाड होत जाईल तसा ओलावा आत पोचायला वेळ लागतो. म्हणून १० मिमीच्या पट्टीला आठवडा किंवा जास्तही लागतो. आरशाच्या मागे सगळीकडे सीलंट फासून तो भिंतीला दाबला तर मधला माल कित्येक आठवडे कच्चा राहतो. न्यूट्रलच्या उभ्या पट्ट्या २० ते ३० सेंमी अंतरानं ओढायच्या, म्हणजे मधून हवा खेळते. पक्कं होईपर्यंत आरशाला खालून आधार द्यायचा.

दक्षिणवारा

खिडक्यांबद्दल. स्लायडिंग खिडकीतून पावसाचं पाणी आत आलं की लोक खालच्या ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूची चौकोनी भोकं सिलिकॉननं बुजवतात. ती भोकं पाणी बाहेर जाण्यासाठीच ठेवलेली असतात! ट्रॅकमध्ये पाणी येणारच असं धरून खिडकी बनवलेली असते. भोकं बंद केली की ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या कडेवरून घरात उतरतं. आधी ती भोकं तारेनं साफ करा, ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का पाहा, आणि मग सीलंटचा विचार करा.

गळती बहुधा फ्रेम आणि भिंत यांच्या सांध्यातून असते. सीलंट बाहेरून लावायचं. आतून लावलं तर पाणी भिंतीतच अडकतं आणि खिडकीखालचं प्लास्टर फुगतं. ॲल्युमिनियमला आणि प्लास्टरला एकाच वेळी धरणारं न्यूट्रल वेदर सीलंट घ्यावं. प्लास्टरची धूळ ब्रशनं झाडा. प्लास्टर भुसभुशीत असेल तर त्याच कंपनीचा प्राइमर एक हात द्या.

फटीच्या रुंदीचा हिशोब सोपा आहे. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे ०.०२३ मिमी वाढतं. २ मीटरची फ्रेम जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या उन्हापर्यंत ४० अंशांनी तापली तर १.८४ मिमी वाढते. ट्यूबवर हालचालीची क्षमता २५ टक्के लिहिली असेल आणि सगळी हालचाल एकाच टोकाला आली असं धरलं तर फट निदान साडेसात मिमी हवी. मिस्त्री मात्र २ मिमीच्या फटीवर वरवर बोट फिरवून मोकळे होतात. ती पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात सुटते.

ज्या सांध्यावर रंग द्यायचा आहे तिथं सिलिकॉन नको. कुठलाच रंग त्यावर टिकत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. घराच्या आत ॲक्रिलिक सीलंट आणि बाहेर पॉलियुरेथेन किंवा हायब्रिड लावावं.

वेळेचंही पथ्य आहे. बहुतेक उत्पादक ५ ते ४० अंशांत लावायला सांगतात. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी उन्हातली फ्रेम याच्या पार वर तापलेली असते आणि हवा कोरडी ठणठणीत. पट्टीत फुगे येतात, पक्कं व्हायलाही उशीर लागतो. पहाटे ते सकाळी आठ ही वेळ धरा. उलट कोकणात जुलैमध्ये हवेतला दमटपणा सीलंटला मानवतो, पण भिंत ओली असली तर पट्टी पाण्याच्या थरावर बसते, भिंतीवर नाही.

नळमोरी

बाथरूममधली काळी पडलेली पट्टी हा मोठा विषय आहे. बुरशी सिलिकॉनवर जगत नाही, साबणाच्या आणि त्वचेच्या तेलाच्या थरावर जगते. पण एकदा तिची मुळं पट्टीत शिरली की ब्लीचनं रंग उडतो आणि महिन्याभरात काळेपणा परत येतो. मग पट्टी काढणं हाच उपाय. जुन्या पट्टीवर नवी ओढू नये, जुन्या सिलिकॉनला नवं भरवशानं धरत नाही आणि खालची बुरशी तशीच राहते.

काढताना कटर पट्टीच्या दोन्ही कडांनी, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून फिरवा आणि पट्टी एका टोकाकडून ओढा. टाइलवरचा उरलेला पातळ थर रेझर ब्लेडनं खरवडा. ॲक्रिलिकच्या टबवर ब्लेड नको, प्लास्टिकची पट्टी वापरा. थिनर किंवा ॲसिटोननं पक्कं सिलिकॉन विरघळत नाही. मिनरल टर्पेंटाइन भिजवलेला कपडा अर्धा-एक तास दाबून ठेवला तर ते फुगतं आणि खरवडायला सोपं जातं. खिडकी उघडी ठेवा आणि गीझरचा गॅस बंद करा. मग पातळ केलेल्या ब्लीचनं फट धुऊन भरपूर पाण्यानं साफ करा. ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. शेवटी फट पूर्ण वाळू द्या, किमान एक दिवस नळ बंद. आणि स्वच्छ कपड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फट पुसा. तेलाचा अंशही राहिला तर पुढचं सगळं वाया.

लावताना दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, नोझल ४५ अंशात कापलेली, गन एका दमात, न थांबता. पाच मिनिटांच्या आत पट्टीवरून बोट किंवा गोल कडेची पट्टी फिरवा आणि साय धरायच्या आत टेप काढा. नंतर काढली तर कड फाटते. बरेच कारागीर बोट साबणाच्या पाण्यात बुडवतात. चालतं, पण थेंब पट्टीवरच पडायला हवेत. जिथं अजून सीलंट लावायचं आहे तिथं साबण गेला की तिथली पकड गेली. नंतर निदान २४ तास पाणी लागू देऊ नका, शॉवरखालच्या पट्टीला ४८. बाथरूमला 'सॅनिटरी' लिहिलेलं घ्या, त्यात बुरशीनाशक असतं.

काचघर

वरच्या शेवटच्या वाक्याला जोडून: सॅनिटरी सीलंट मत्स्यालयाला चालत नाही. बुरशीनाशक पाण्यात उतरतं आणि मासे मरतात. टाकीला बुरशीनाशक नसलेलं, ॲसिटिक, 'ॲक्वेरियम' लिहिलेलं हवं. इथं आम्लाची अडचण नाही, ते उडून जातं. सगळी काच ॲसिटोननं पुसून, सांधा एकाच बैठकीत भरायचा. आठ दिवस टाकी कोरडी ठेवा, व्हिनेगरचा वास पूर्ण गेला पाहिजे. मग पाणी भरून दोन दिवस ठेवा, ओतून टाका आणि नंतरच मासे सोडा.

शिट्टीतीन

कुकरच्या रिंगांबद्दल लिहितो. घरगुती कुकर साधारण १ किलो प्रति चौरस सेंमी दाबावर चालतो, आत सुमारे १२० अंश. सिलिकॉनला ही वाफ सोसते. काळ्या रिंगा बहुधा नायट्राइल या कृत्रिम रबराच्या असतात. त्या तेलाला चांगल्या, पण उष्णतेनं लवकर कडक होतात. पांढऱ्या किंवा रंगीत सिलिकॉनच्या रिंगा मऊपणा जास्त काळ टिकवतात, पण टोकदार काही लागलं तर लवकर फाटतात. कुकरच्या रबरी रिंगांसाठी भारतीय मानक आयएस ७४६६ आहे, पाकिटावर त्याचा क्रमांक पाहून घ्यावा.

कडेनं वाफ जायला लागली की रिंग बदलण्याआधी झाकणाची खोबण पाहा. डाळीचा किंवा भाताचा वाळलेला पापुद्रा तिथं असतो आणि रिंग एका ठिकाणी उचलली जाते. नंतर भांड्याची कड पाहा. ॲल्युमिनियमच्या कडेला चमच्यानं आपटून खाच पडलेली असते, तिथून कुठलीही रिंग गळणारच. दोन्ही ठीक असतील तर रिंग हातात घेऊन दाबा. कडक लागली, चकाकी आली, आतल्या कडेला बारीक चिरा दिसल्या तर ती गेली. बऱ्याच कंपन्या वर्षानं बदला म्हणतात, रोजच्या वापरात ते योग्यच आहे.

सैल झालेली रिंग फ्रीजरमध्ये ठेवली की घट्ट होते, हा उपाय सगळीकडे सांगितला जातो. २२ सेंमी व्यासाच्या रिंगेचा घेर ६९ सेंमी. खोलीच्या तापमानापासून फ्रीजरपर्यंत ४५ अंशांचा फरक धरला तर सिलिकॉन सुमारे ८ मिमी आकसतं. म्हणून रिंग बसवताना घट्ट वाटते. वाफ लागली की ते ८ मिमी परत येतात. रिंग ताणलेली असेल तर ताणलेलीच राहते. नवी आणा, आणि आणताना कुकरचे लिटर, मॉडेल, झाकण आतलं की बाहेरचं, हे तिन्ही सांगा.

वास धरलेली रिंग पाण्यात खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा आणि वाऱ्यावर वाळवा. बिर्याणी आणि खीर एकाच कुकरमध्ये होत असेल तर दोन रिंगा ठेवणं सरळ आहे. आणि कुकरचं झाकण लावून ठेवू नका, उलटं टेकवून ठेवा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. सेफ्टी व्हॉल्व्ह गळत असेल तर त्यावर सीलंट, एम-सील काहीही लावू नका. दाब हाताबाहेर गेला की तो वितळून किंवा फुटून वाफ सोडतो, म्हणून स्वयंपाकघर वाचतं. त्याच मॉडेलचा नवा व्हॉल्व्ह थोडक्या पैशांत मिळतो.

ओटाकट्टा

सिलिकॉनचे उलथणे, ब्रश, केकची भांडी यांचंही सांगा. बाजारात काहीही सिलिकॉन म्हणून विकतात.

रसायनवही

ओळखायची खात्रीची पद्धत जाळून पाहण्याची आहे. कडेची नखाएवढी कातरण चिमट्यात धरून, उघड्यावर, ज्योतीत धरा. सिलिकॉन वितळत नाही, ठिबकत नाही. पांढरा धूर येतो आणि मागे पांढरी राख उरते, ती सिलिका. ठिबकलं, काळा धूर आला, मेणासारखा वास आला तर ते प्लास्टिक. पिळून पांढरं पडलं म्हणजे भेसळ, ही प्रचलित चाचणी मात्र भरवशाची नाही. रंग आणि भरणद्रव्य यांवरही ते अवलंबून असतं.

नवं भांडं धुतल्यावरही उग्र वास येत असेल किंवा हाताला तेलकट लागत असेल तर घडवल्यानंतरची भाजणी नीट झालेली नाही. चांगले उत्पादक माल सुमारे २०० अंशांना चार तास ठेवतात, त्यात सुटे लहान रेणू उडून जातात. प्लॅटिनम क्युअर (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकानं पक्का केलेला) लिहिलेला माल यात सरस असतो, कारण त्यात पेरॉक्साइडचे अवशेष राहत नाहीत.

तळणीच्या १८० अंशांच्या तेलात उलथणं चालतं, पण कढईत टेकवून ठेवायचं नाही. भाकरीचा तवा २५० च्या वर सहज जातो, तिथं लोखंडी उलथणंच बरं. ओव्हनमध्ये भांडं धातूच्या ट्रेवर ठेवा आणि वरच्या कॉइलपासून लांब. सिलिकॉन उष्णता फार कमी वाहून नेतं, त्यामुळे केकचा तळ फिकट राहतो आणि पाच-दहा मिनिटं जास्त लागतात. उकडीच्या मोदकाला, इडलीला १०० अंशांची वाफ, तिथं काहीच हरकत नाही. फक्त मऊ साच्यात उकडीच्या कळ्या ठसठशीत येत नाहीत. माव्याच्या आणि चॉकलेटच्या मोदकाला तोच मऊपणा उपयोगी: फ्रीजमध्ये वीस मिनिटं ठेवून साचा उलटा सोलायचा.

बऱ्याच वापरानंतर येणारा चिकटपणा भाजलेल्या तेलाचा असतो. गरम पाणी आणि सोड्याची पेस्ट लावून अर्धा तास ठेवा. तारेची घासणी लावू नका, ओरखड्यांत तेल आणखी बसतं.

साचेकार

साच्यांचं सिलिकॉन दोन भागांत येतं आणि त्याचेही दोन प्रकार.

टिन क्युअरमध्ये (कथिलाच्या संयुगानं पक्कं होणाऱ्या प्रकारात) रबरात वजनानं २ ते ५ टक्के हार्डनर घालतात. स्वस्त, कशावरही पक्कं होतं, पण हळूहळू आकसतं, एक टक्क्याच्या आतबाहेर, आणि काही वर्षांत साचा ठिसूळ होतो. खाण्याच्या वस्तूंना अजिबात नको. प्लॅटिनम क्युअर १:१ किंवा १०:१ मिसळतात, आकसणं नगण्य, आयुष्य जास्त. पण ते फार नाजूक प्रकृतीचं आहे. गंधक लागलं की पक्कं होतच नाही. गंधक असलेली तेलमाती, लॅटेक्सचे हातमोजे, टिन क्युअरनं माखलेलं भांडं, थ्रीडी प्रिंटचं काही रेझिन, यांतलं काहीही पुरतं. पृष्ठभाग कायम चिकट राहतो आणि मूळ मूर्तीही खराब होते. म्हणून नायट्राइलचे मोजे घाला आणि मूर्तीच्या तळाशी थेंबभर लावून चाचणी घ्या.

किती लागेल? आतून १० × ८ × १५ सेंमीची पेटी म्हणजे १२०० मिली. मूर्ती पाण्यात बुडवून किंवा तांदळानं मोजून ३५० मिली भरली तर ८५० मिली उरलं. घनता १.१५ धरून ९७८ ग्रॅम, भांड्याला चिकटणारं धरून १ किलो ८० ग्रॅम. ३ टक्क्यांनी हार्डनर सुमारे ३२ ग्रॅम. लहान घाण्याला ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. अंदाजानं टोपण ओतलं की एकतर ओततानाच घट्ट होतं आणि साचा ठिसूळ निघतो, नाहीतर आठवडाभर चिकट राहतं. मूर्तीभोवती भिंत निदान १ सेंमी सोडा.

पीओपीची मूर्ती सच्छिद्र असते. लाखेच्या पॉलिशचे दोन-तीन हात देऊन वाळवा, वर मेणाचा पातळ हात. नाहीतर सिलिकॉन छिद्रांत शिरून बसतं. दोन भागांचा साचा असेल तर पहिल्या भागावर व्हॅसलीनचा पातळ पण अखंड थर द्या. ताजं सिलिकॉन पक्क्या सिलिकॉनला धरतं, आणि इथं तेवढंच धरणं साच्याचं वाटोळं करायला पुरतं.

फुग्यांसाठी: हळू ढवळा, कडा आणि तळ खरवडत. मग पातळ धारेनं, उंचावरून, पेटीच्या एका कोपऱ्यात ओता आणि पातळी मूर्तीवर आपोआप चढू द्या. चेहरा, बोटं, दागिने यांवर आधी ब्रशनं पातळ थर. व्हॅक्यूम वापरणार असाल तर भांडं पाचपट मोठं घ्या, माल फसफसून वर येतो.

कडकपणा शोअर ए या मापात मोजतात, आकडा कमी तितकं रबर मऊ. सोंड, हात अशा अडणाऱ्या भागांना १५ ते २५, सपाट नक्षीला ३० ते ४०.

शाडूचं काम करणाऱ्यांसाठी खास. पीओपीचा साचा मातीतलं पाणी ओढतो, माती आकसते आणि सुटते. सिलिकॉन पाणी ओढत नाही. माती साच्याला लागून ओलीच राहते आणि सोलताना कान, बोटं तुटतात. सिलिकॉनमध्ये शाडू दाबायचाच असेल तर माती नेहमीपेक्षा घट्ट मळा, साच्यात टाल्क पावडर झटका, मूर्ती पोकळ ठेवून पाठीमागून हवा लागू द्या, आणि सिलिकॉनला बाहेरून पीओपीचं कवच द्या म्हणजे दाबताना आकार बिघडणार नाही. पीओपी ओतायला मात्र सिलिकॉनसारखं दुसरं काही नाही. पॉलिएस्टर रेझिन ओतलं तर त्यातलं स्टायरिन आणि तापणं साच्याला लवकर खातं.

गियरपेटी

ग्रीस आणि गाड्यांबद्दल.

आरओ फिल्टरच्या भांड्याची ओ-रिंग बहुधा ईपीडीएम (हेही एक कृत्रिम रबर) किंवा नायट्राइलची असते. तिला फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. ईपीडीएमला व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लागलं की ती फुगून सैल होते. पण रिंग स्वतःच सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीस नको. एकाच घरचे रेणू आत शिरतात आणि रिंग फुगते.

इंजिनच्या कव्हरला आरटीव्ही (खोलीच्या तापमानाला पक्कं होणारं सिलिकॉन) लावताना न्यूट्रल, गाड्यांसाठीचंच घ्या. ॲसिटिकनं सेन्सरच्या जोडण्या गंजतात. २ ते ३ मिमीची पट्टी, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं, अखंड. जास्त लावलं की आत सांडलेला तुकडा तुटून तेलाच्या गाळणीवर बसतो आणि तेलाचा दाब पडतो. नुकसान गळतीपेक्षा मोठं. कार्ब्युरेटर, पेट्रोलची टाकी, फ्युएल पंप इथं साधं सिलिकॉन लावूच नका.

सिलिकॉन स्प्रे रंगकामाच्या खोलीत फवारू नये. तो हवेतून पत्र्यावर बसतो आणि रंगाला खड्डे पडतात.

दक्षिणवारा

किनाऱ्यावरच्या वीजवाहिन्यांचा मुद्दा राहिला होता. खाऱ्या वाऱ्यानं चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, धुक्यात तो ओला होतो आणि वीज पृष्ठभागावरून उडी मारते. सिलिकॉन रबराचे इन्सुलेटर तिथं उपयोगी पडतात, कारण रबरातले लहान सिलिकॉन रेणू वर येऊन मिठाच्या थरालाही पाणी झटकणारा करतात. घाण बसली तरी पाण्याचे थेंब सुटे राहतात, सलग ओला थर होत नाही. जुन्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर सिलिकॉनचा थर फवारायची पद्धतही आहे.

नळमोरी

उरलेल्या ट्यूबचं कोणी लिहिलं नाही. नोझलच्या तोंडातून दोन सेंमी माल बाहेर काढून तसाच राहू द्या. तो पक्का होऊन बूच बनतो, आणि पुढच्या वेळी पकडीनं ओढला की आतला ताजा माल येतो. मधेच जास्त पक्कं झालं असेल तर नोझल बदला, ती सुटी मिळते. मुदत साधारण बारा महिने, न उघडलेल्या ट्यूबचीसुद्धा. कारण ओलावा प्लास्टिकच्या नळीतूनही हळूहळू आत जातो. मुदतीच्या आसपासची ट्यूब असेल तर काचेच्या तुकड्यावर ३ मिमीची पट्टी ओढा. अर्ध्या तासात साय धरली नाही, किंवा दुसऱ्या दिवशी सोलताना रबरासारखी न निघता डिंकासारखी ताणली, तर ती ट्यूब कुठंच वापरू नका. ते पुढे कधीच पक्कं होत नाही आणि फटीतून खरवडून काढायला नव्या पट्टीच्या कित्येक पट वेळ जातो.